खजिनदार देवासला गेले तेव्हा

इंदूरच्या रामबागेत आमच्या गल्लीचा गणपती बसतो. मागे एकदा महाप्रसादाच्या दिवशी पहिली पंगत बसायच्या आतच तूप संपलं. आचाऱ्याने वाढप्यांना सांगितलं, वाढप्यांनी एकमेकांना. पैसे हिशेबवाल्यांकडे, आणि दोन्हीकडे ऊठबस असलेले एकटे खजिनदार काका सासुरवाडीला, देवासला गेलेले. पुरणपोळ्या कोरड्याच वाढल्या.

सॉफ्टवेअर एजंटांचंही असंच होतं. एजंट म्हणजे आपलं काम आपण ठरवणारा, इतरांशी निरोपानिरोपी करणारा प्रोग्रॅम. गोदामाचा साठा एक बघतो, ट्रक दुसरा नेमतो, बिलं तिसरा करतो. त्यांना लिहिणारे हात वेगवेगळे, त्यामुळे प्रत्येकाच्या पोटात शिरून काही हाती लागत नाही. १९९८ मध्ये जाक फेर्बेर आणि ओलिव्हिए गुटक्नेख्त या दोघा संशोधकांनी सरळ तो नादच सोडला. त्यांच्या आराखड्यात तीनच गोष्टी: एजंट, गट आणि भूमिका. एजंट आतून हुशार आहे की मठ्ठ, याची चौकशीच नाही. नियम मात्र कडक: बोलायचं तर दोघं एकाच गटात हवेत. गटाबाहेर निरोप जायचा, तर दोन्ही गटांत असलेला कुणीतरी लागतो. म्हणजे आमचे काका! एका एजंटाने कितीही भूमिका घ्याव्यात आणि एक भूमिका अनेकांनी करावी, याला मोकळीक आहे. वाढपी काय, कमरेला पंचा बांधला की कुणीही होतो.

मला हा आराखडा त्याच्या साधेपणामुळेच आवडतो. पण कुणी काय करायलाच हवं, यावर तो गप्प आहे. ती उणीव २००२ च्या ‘मॉइझ प्लस’ या दुसऱ्या आराखड्याने भरून काढली. त्यात कुठल्या भूमिकेवर कोणतं काम बंधनकारक आणि कोणतं नुसतं परवानगीचं, ते लिहावं लागतं. एका गटात एखाद्या भूमिकेत कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती एजंट हवेत, तेही. शिवाय दोन भूमिका एकत्र चालतात असं स्पष्ट नोंदवलं नसेल, तर त्या एकाला घेता येत नाहीत. आमचा स्वयंपाकाचा गट असा मांडला असता, तर ‘पैसे आणणारा: कमीत कमी एक’ या ओळीपुढचा शून्य चूल पेटण्याआधीच दिसला असता.

आता काकूही दोन्हीकडे आहेत. हिशेबाची वही मात्र काका अजून देवासला घेऊन जातात.