मनगटाचे दुखणे आणि कापलेले मज्जातंतू : दहा फांद्यांवरून दोनवर

मनगटातले स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडून जुळले नाही, किंवा त्याला शेजारच्या ल्युनेट या हाडाशी जोडणारा बंध तुटला, की मनगट काही वर्षांत झिजू लागते. अशा वेळी सांधा जखडून टाकला तर दुखणे थांबते, पण मनगट वाकतही नाही. सांधा तसाच ठेवून वेदनेची वाट तोडायची पद्धत जर्मनीतले शल्यविशारद आल्ब्रेख्त विल्हेल्म यांनी १९६६मध्ये सविस्तर मांडली.

त्यामागे जॉन हिल्टन यांचा एकोणिसाव्या शतकातला नियम होता : सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जो मज्जातंतू जातो, तोच सांध्यालाही फांदी देतो. म्हणजे मनगटाची वेदना एका वाटेने जात नाही. विल्हेल्म यांच्या पूर्ण शस्त्रक्रियेत म्हणूनच दहाएक फांद्या अनेक छेदांतून तोडाव्या लागत. हे काम वेळखाऊ, आणि त्वचेच्या मज्जातंतूंना धक्का लागण्याची भीती वेगळीच.

१९८०च्या दशकात अमेरिकेत ली डेलन यांनी हाताच्या पाठीकडची पोस्टिरिअर इंटरऑसियस फांदी एकटीच कापून पाहिली. १९९८मध्ये मेयो क्लिनिकचे रिचर्ड बर्गर यांनी पाठीकडच्या एकाच छोट्या छेदातून दोन फांद्या गाठल्या. बोटे ताणणारे कंडरे बाजूला केले की पहिली फांदी दिसते. तिच्याखालचा, कोपरापुढच्या हाताच्या दोन हाडांमधला पडदा चिरला की पलीकडे, तळहाताच्या बाजूची दुसरी फांदी, अँटिरिअर इंटरऑसियस, सापडते. दोन्हींचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा तुकडा काढतात, नुसती चीर देत नाहीत, नाहीतर टोके पुन्हा जुळू शकतात. ‘नस कापणार’ म्हटले की हात लुळा पडेल असे रुग्णाला वाटते. पण पहिल्या फांदीत इथे स्नायूंचे धागे उरलेलेच नसतात. दुसरी मात्र तळहात खाली वळवणाऱ्या प्रोनेटर क्वाड्रेटस या स्नायूला चालवते, म्हणून ती शक्य तितकी खाली, मनगटाजवळ कापायची.

दीर्घकालीन निकालांत मोजपट्टीच बदलत गेली. पूर्ण शस्त्रक्रियेच्या जुन्या जर्मन मालिकांत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना आराम पडल्याची नोंद आहे. पुढे प्रश्न झाला : दुसरी शस्त्रक्रिया किती लांबली? मेयोच्याच २०१९च्या अहवालात १०० मनगटांपैकी ६९ना सरासरी पावणेसात वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली नव्हती. हा आकडा चांगला आहे, पण शस्त्रक्रिया न लागणे म्हणजे न दुखणे नव्हे. शिवाय अशा बहुतेक मालिकांत तुलनेसाठी दुसरा गट नसतो आणि झीज, अस्थिरता, जुनी मोड एकत्र मोजलेली असते.

अपयशाचे एक कारण रचनेतच आहे. करंगळीच्या बाजूला अल्नर मज्जातंतूच्या फांद्याही पोहोचतात, त्या या छेदातून सुटतात. शस्त्रक्रियेआधी या फांद्यांजवळ भूल टोचून दुखणे आणि पकडीची ताकद तपासतात, पण तेव्हाचा आराम पुढच्या यशाची हमी देत नाही. झीज तर चालूच राहते. तरी हाडांना हात लागलेला नसल्याने सांधा जखडण्याची वाट नंतरही मोकळी असते.