द्रव्यमान वर्णपटविज्ञानातील स्त्री-वैज्ञानिकांचा गौरव

पदार्थाचे आयनांत, म्हणजे विद्युत् भारित कणांत, रूपांतर करून द्रव्यमान व विद्युत् भार यांच्या गुणोत्तरानुसार निर्वातात त्यांची विभागणी करणाऱ्या शास्त्रात, म्हणजे प्रयोगशाळांतील रोजच्या बोलण्यातल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत, स्त्रियांनी केलेल्या कामाला मिळालेली पदके व पदे आणि पारिभाषिक संज्ञांतून टिकून राहिलेली त्यांची नावे हा या नोंदीचा विषय आहे. या शास्त्राच्या पद्धतींशी थेट निगडित अशी नोबेल पारितोषिके एफ. डब्ल्यू. ॲस्टन (१९२२), वोल्फगांग पाउल व हान्स डेमेल्ट (१९८९) आणि जॉन फेन व कोइची तानाका (२००२) यांना मिळाली. हे पाचही पुरुष आहेत आणि पाचही जणांचा गौरव प्रामुख्याने उपकरणाच्या किंवा आयनीकरणाच्या नव्या युक्तीसाठी झाला. नमुना शुद्ध करणे, वर्णपटाचा (कोणत्या द्रव्यमानाचे आयन किती, हे दाखविणाऱ्या आलेखाचा) अर्थ लावणे आणि पद्धत नव्या क्षेत्रात नेणे या कामांत स्त्रिया तुलनेने लवकर आल्या. परंतु ही कामे दीर्घकाळ साहाय्यक स्वरूपाची मानली गेल्यामुळे त्यांचा गौरव उशिरा झाला, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे.

आरंभाविषयीचे मतभेद : या क्षेत्रातील पहिली स्त्री कोण, याविषयी एकवाक्यता नाही. शास्त्राचा आरंभ जे. जे. टॉमसन यांच्या १९१२-१३ च्या सुमाराच्या निऑनवरील प्रयोगांपासून धरायचा की ॲस्टन यांच्या १९१९ मधील द्रव्यमान वर्णपटलेखकापासून, यावर त्याचे उत्तर काही अंशी अवलंबून राहते. समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या, शोधाला या शास्त्राचा पाया मानणारे अभ्यासक स्टेफानी होरोविट्झ (१८८७–१९४२) यांचे नाव अग्रभागी ठेवतात. व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत ऑटो हेनिगश्मिट यांच्याबरोबर काम करताना त्यांनी योआखिमस्टालच्या युरेनियम खनिजातून शिसे वेगळे केले, क्लोराइडाच्या रूपात ते पुनःपुन्हा शुद्ध केले आणि त्याचा अणुभार ठरविला. सामान्य शिशाचा अणुभार २०७.२ असताना या शिशाचा २०६.७ च्या आसपास भरला. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला हार्वर्ड येथील टी. डब्ल्यू. रिचर्ड्स यांच्या त्याच वर्षीच्या मापनाने पुष्टी मिळाली. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असू शकतात, याचा तराजूवर मिळालेला हा पुरावा होता. पुढे १९१६ च्या सुमारास आयोनियम हे स्वतंत्र मूलद्रव्य नसून थोरियमाचा समस्थानिक आहे, हेही या दोघांनी दाखविले.

होरोविट्झ यांच्या कामात आयनांची विभागणी नव्हती. तेव्हा काटेकोर अर्थाने ते रासायनिक अणुभारमापन होय, हा आक्षेप योग्यच आहे. तरीही ॲस्टन यांच्या उपकरणाने ज्या प्रश्नाचे उत्तर अधिक व्यापकपणे दिले, तोच प्रश्न त्यांनी आधी सोडविला असल्यामुळे पूर्वपीठिकेत त्यांना स्थान देणे अधिक न्याय्य वाटते. महायुद्धानंतर त्या रसायनशास्त्रापासून दूर गेल्या आणि ट्रेब्लिंका येथील नाझी छावणीत त्यांचा अंत झाला. मृत्यूचे वर्ष काही जुन्या लेखनात १९४० असे आढळते, परंतु १९४२ हे अधिक ग्राह्य आहे. त्यांच्या हयातीत त्यांच्या नावे कोणताही मोठा सन्मान नोंदला गेलेला दिसत नाही.

काटेकोर व्याख्या पाळणारे अभ्यासक सिबिल रॉक यांच्यापासून सुरुवात करतात. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील कन्सॉलिडेटेड एंजिनिअरिंग कॉर्पोरेशन या कंपनीत त्या गणिती म्हणून काम करीत होत्या. पेट्रोलियमातील दहा हायड्रोकार्बनांच्या मिश्रणाचा वर्णपट सोडवायचा, तर साधारणपणे दहा एकसामयिक समीकरणे सोडवावी लागत. अशा आकडेमोडीच्या पद्धती बसविण्यात रॉक यांचा वाटा होता आणि वर्णपटावरून पदार्थ ओळखण्याविषयीचा त्यांचा लेख १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये स्टीना स्टेलबर्ग-स्टेनहागेन यांनी लांब साखळीची मेदाम्ले संश्लेषणाने शुद्ध स्वरूपात तयार केली. रचना आधीच ठाऊक असलेले असे नमुने हाताशी नसते, तर मेदांच्या वर्णपटांचा अर्थ लावणे फार अवघड झाले असते.

संज्ञा आणि पदके : १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅथरिन फेन्सेलाउ यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात हे उपकरण आणून औषधांच्या चयापचयाच्या अभ्यासात त्याचा वापर रुजविला. १९८५ मध्ये त्यांना अमेरिकन केमिकल सोसायटीचे गार्व्हन पदक मिळाले. हे पदक स्त्री-रसायनशास्त्रज्ञांसाठीच राखीव आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे; स्त्री-पुरुष असा भेद न करता दिले जाणारे विषयाचे पुरस्कार त्यांच्या वाट्याला त्यानंतर आले.

पदकापेक्षा संज्ञेत राहिलेले नाव अधिक टिकते, याचे उत्तम उदाहरण कॅथरिन कॉस्टेलो यांचे आहे. ब्रूनो डोमोन यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये शर्करायुक्त रेणूंच्या तुकड्यांसाठी मांडलेली नामपद्धती आजही जगभर वापरली जाते. शर्करांच्या साखळीचे ज्या टोकाची शर्करा क्षपण घडवू शकते ते क्षपणकारक टोक आणि दुसरे अक्षपणकारक टोक होय. साखळी तुटल्यावर भार अक्षपणकारक टोकाकडच्या तुकड्यावर राहिला, तर त्या तुकड्यास ए, बी किंवा सी आणि क्षपणकारक टोकाकडच्या तुकड्यावर राहिला, तर एक्स, वाय किंवा झेड अशी अक्षरे दिली जातात. यांपैकी बी, सी, वाय व झेड हे तुकडे दोन शर्करांमधील ग्लायकोसिडिक जोडणी तुटून होतात. ए आणि एक्स होण्यासाठी शर्करेचे वलयच दोन ठिकाणी तुटावे लागते; म्हणून वलयातील कोणते बंध तुटले, ते अक्षराच्या डोक्यावर अंकांनी दाखवितात. पेप्टाइडांसाठी रोएपस्टॉर्फ व फोलमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीशी तिचे साम्य आहे. परंतु वलयभंगाची सोय ही या पद्धतीची स्वतःची देणगी होय. अमेरिकेतील प्रथिनसमूह-अभ्यासकांच्या संघटनेने एका पुरस्काराला कॉस्टेलो यांचे नाव दिले आहे.

सर्वाधिक गौरव कॅरल रॉबिन्सन (जन्म १९५६) यांच्या वाट्याला आला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्या फायझर कंपनीत प्रयोगशाळा-तंत्रज्ञ झाल्या आणि नोकरी सांभाळून शिकत केंब्रिजच्या पीएच.डी.पर्यंत पोहोचल्या. त्यानंतर मुलांच्या संगोपनासाठी त्या आठ वर्षे संशोधनापासून दूर होत्या. परतल्यावर त्यांनी प्रथिनांचे संकुल न मोडता वायुअवस्थेत नेऊन तोलता येते, हे दाखविले. पेशींच्या पटलातील प्रथिनांच्या बाबतीत तर हे अशक्यप्राय समजले जात होते. केंब्रिज (२००१) व ऑक्सफर्ड (२००९) या दोन्ही विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या त्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक होत. बीमान पदक (२००३), रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (२००४), डेव्ही पदक (२०१०), डेम हा किताब (२०१३) व रॉयल पदक (२०१९) हे त्यांचे प्रमुख सन्मान आहेत.

भारत व इंदूर : इंडियन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्री ही या विषयाची भारतातील संघटना मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राशी निगडित आहे. रसायनशास्त्राच्या व्यापक क्षेत्रात भटनागर पुरस्कार १९६१ मध्ये असीमा चटर्जी यांना मिळाला. त्या शाखेत तो त्यानंतर एका स्त्रीला, यमुना कृष्णन यांना, मिळाला तो २०१३ मध्ये.

इंदूरच्या मराठी वाचकाला येथे कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा जन्म इंदूरचा. जन्मवर्ष १९११ व १९१२ असे दोन्ही प्रकारे दिले जाते, पैकी १९११ अधिक रूढ आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ मध्ये स्त्री म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला व नंतर अटींवर दिला गेला. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचे दाखवून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली. त्यांचे काम द्रव्यमान वर्णपटविज्ञानातील नव्हे. मात्र घोड्याच्या हृदयातून मिळविलेले हेच प्रथिन, सुमारे १२,३६० डाल्टन (रेणूंचे द्रव्यमान मोजण्याचे एकक) द्रव्यमानाचे, आज विद्युत्-फवारा आयनीकरणाच्या (द्रावणाचा विद्युत् भारित फवारा करून आयन मिळविण्याच्या) उपकरणांची परीक्षा घेण्यासाठी जगभर वापरले जाते.

इंदूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या (स्थापना २००९) उपकरण केंद्रात उच्च विभेदनक्षमतेचा वर्णपटमापक आहे. अशा कोणत्याही केंद्रातून निघालेला निष्कर्ष शोधनिबंधात एका ओळीत येतो : कॅफीन असेल, तर प्रोटॉनयुक्त आयनाचा अपेक्षित आकडा १९५.०८७७ आणि त्यापुढे प्रत्यक्ष आढळलेला आकडा. नमुना कोणी विरघळविला, उपकरण कोणी जुळविले, वर्णपटातील शिखर खरे की अशुद्धीचे हे कोणी ठरविले, यांचा उल्लेख बहुधा ऋणनिर्देशात होतो किंवा होतही नाही. लेखकांच्या कामाची १४ भूमिकांत नोंद करण्याची क्रेडिट ही पद्धती २०१४ पासून प्रचारात आली असून तीत प्रत्यक्ष प्रयोग व विश्लेषण यांना स्वतंत्र रकाने आहेत. मात्र ज्यांचे नाव लेखकांच्या यादीत नाही, त्यांना ते लागू होत नाहीत.