प्रकाशझोत-मनोऱ्यांचे अर्थिंग

खुल्या क्रीडांगणावरील दिव्यांचे धातूचे मनोरे, दिव्यांची आवरणे व जोडपेट्या यांचा जमिनीशी आणि पुरवठ्याच्या अर्थ-टर्मिनलशी केलेला विद्युत् जोड. त्याची कामे दोन : फेजची तार मनोऱ्याला टेकल्यास पुरवठा आपोआप तोडवणे आणि वीज कोसळल्यास तिचा प्रवाह जमिनीत पसरवणे. मनोऱ्याशेजारी ठोकलेला एकच दांडा दोन्ही कामे करतो, हा समज व्यवसायात खोलवर रुजला आहे. पहिल्या कामापुरता तो चुकीचा आहे.

विजेच्या प्रकाशातील पहिला सामना म्हणून बहुधा शेफील्डच्या ब्रॅमल लेन मैदानावरील १४ ऑक्टोबर १८७८ चा फुटबॉल सामना सांगितला जातो. तेथील प्रज्योत दिवे (दोन कार्बन-कांड्यांमधील ठिणगीच्या कमानीने उजळणारे) लाकडी मनोऱ्यांवर होते. आजचा प्रश्न पोलादी मनोऱ्यांचा आहे.

दांड्याच्या रोधाचे गणित पाहता मुद्दा स्पष्ट होतो. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत ३ मी. लांब व १६ मिमी. व्यासाच्या दांड्याचा रोध सु. ३३ ओहम भरतो. २३० व्होल्टचा फेज मनोऱ्याला टेकला, तर या वाटेने जेमतेम ७ अँपिअर प्रवाह जातो. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाने आपोआप बंद पडणारा ब्रेकर) त्याने पडत नाही. दिवे जळत राहतात आणि मनोरा जवळजवळ पूर्ण विद्युत् दाबावर (व्होल्टेजवर) राहतो. पुरेशा अंतरावर दुसरा दांडा ठोकला तरी प्रवाह १४ अँपिअरच्या आतच. याउलट केबलमधील अर्थची तार पुरवठ्याच्या न्यूट्रल बिंदूपर्यंत सलग असेल आणि दोषमार्गाचा एकूण रोध १ ओहमच्या आत असेल, तर २३० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो व ब्रेकर क्षणात पडतो. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोग) ६०३६४ मानकानुसार ३२ अँपिअरपर्यंतच्या अंतिम परिपथात टीएन पद्धतीत (अर्थची तार पुरवठ्याच्या न्यूट्रल बिंदूला जोडलेली) ०·४ सेकंदात, तर टीटी पद्धतीत (जागेवरचा स्वतंत्र दांडा) ०·२ सेकंदात पुरवठा तुटावा लागतो. टीटीमध्ये परतीची वाट मातीतूनच असल्याने गळती ओळखणारा ब्रेकर (आरसीसीबी) व्यवहारतः अटळ ठरतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला ५० व्होल्ट स्पर्शदाबाच्या (मनोऱ्याला हात लावणाऱ्यावर येणाऱ्या दाबाच्या) मर्यादेत १,६६७ ओहमपर्यंतचा रोध कागदोपत्री चालतो. मात्र उन्हाळ्यात माती सुकून रोध वाढतो, म्हणून प्रत्यक्षात तो बराच कमी ठेवतात.

आरसीसीबीच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य नसेल तर दोष आहे, हे तत्त्व १९०३ च्या एका जर्मन पेटंटात आढळते. माणसाला वाचवण्याइतके संवेदनशील उपकरण १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी खाणींसाठी, तर ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी विकसित केले. अमेरिकन लेखन हे श्रेय सहसा चार्ल्स डाल्झील यांच्या १९६१ च्या उपकरणाला देते. कालक्रम पाहता ते स्वीकारणे अवघड आहे. डाल्झील यांचे मोठे काम हातातली तार सोडता येण्याच्या प्रवाहमर्यादेवरील प्रयोगांत दिसते.

न्यूट्रल व अर्थ एकाच तारेतून आणणाऱ्या पुरवठ्याबाबतही मतभेद आहेत. ती सामाईक तार तुटल्यास मनोऱ्याच्या अंगावर धोकादायक दाब येतो आणि स्पर्श करणारा तर ओल्या गवतावर उभा असतो. अशा मैदानांसाठी स्वतंत्र टीटी अर्थिंग सुचवणारा पक्ष अधिक सावध वाटतो.

तडितरक्षणात, म्हणजे वीज कोसळण्यापासूनच्या संरक्षणात, दांड्याचे महत्त्व परत येते. पोलादी मनोरा स्वतःच अवरोही वाहकाचे (विजेचा प्रवाह खाली जमिनीत नेणाऱ्या वाहकाचे) काम करतो. आयईसी ६२३०५ मानकात १० ओहमखालील रोध इष्ट मानला असला, तरी अर्थ-रचनेचा आकार व मांडणी अधिक महत्त्वाची ठरवली आहे. पायापासून सु. १ मी. अंतरावर, किमान ०·५ मी. खोल पुरलेले वर्तुळाकार इलेक्ट्रोड जमिनीवरील दाबाचा उतार सौम्य करते. मनोऱ्याभोवती ३ मी. परिसरात स्पर्शदाब व पाऊलदाबाचा (दोन पावलांमधील दाबफरकाचा) धोका गृहीत धरतात. तेथे ५ सेंमी. डांबर किंवा १५ सेंमी. खडीचा थर उपयोगी पडतो. पायाच्या काँक्रीटमधील सळ्याही इलेक्ट्रोड म्हणून चालतात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हर्बर्ट उफर यांनी अ‍ॅरिझोनातील दारूगोळा-कोठारांसाठी वापरली. मात्र काँक्रीटमधील पोलाद विद्युत्‌रासायनिक दृष्ट्या तांब्यासारखे वागते. त्याला जोडलेले उघडे जस्तलेपित दांडे मातीत लवकर गंजतात.

मैदानाचे लोखंडी कुंपण दिव्यांच्या मांडणीचा भाग नसेल, तर ते अर्थला जोडण्याची सक्ती मानकात नाही. २·५ मी.खालील जोडपेट्यांची दारे मात्र किल्ली किंवा अवजाराशिवाय उघडता कामा नयेत.

एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमधून (दिव्याला योग्य प्रवाह पुरवणाऱ्या मंडलातून) अर्थकडे सतत थोडी गळती होते. एका परिपथावर तिची बेरीज ब्रेकरच्या मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ३० मिलिअँपिअरसाठी ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवतात; अन्यथा दोष नसताना भर सामन्यात दिवे जातात. यावर आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे, परिपथ विभागावेत.