शालेय मुलांमधील हृदयविकाराचे जोखीम घटक

प्रौढपणी हृदयाच्या रोहिण्या अरुंद होण्याची शक्यता वाढविणाऱ्या, पण शाळकरी वयातच मोजता येणाऱ्या बाबी. स्थूलता, वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड (एक प्रकारचा मेद), इन्शुलिनला मंद प्रतिसाद (इन्शुलिन-प्रतिरोध), धूम्रपान आणि आनुवंशिकता या त्यांतील प्रमुख. जन्मजात हृदयदोष व संधिवाती ज्वरानंतरचे झडपांचे विकार येथे अभिप्रेत नाहीत.

रोहिण्या अरुंद होण्याचा विकार उतारवयातच सुरू होतो, हा समज १९५३ मध्ये डळमळला. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनात सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या हृदयरोहिण्यांत बदल आढळले. त्यांचे सरासरी वय जेमतेम २२ होते. मात्र त्या बदलांत रोहिणीच्या भिंतीची अगदी किरकोळ जाडीही धरलेली होती. व्हिएतनाममधील १०५ सैनिकांत हे प्रमाण ४५ टक्केच भरले (१९७१), म्हणून पहिला आकडा जपून वापरावा. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील बोगालुसा गावी साधारण १९७२-७३ पासून हृदयरोगतज्ज्ञ जेराल्ड बेरेन्सन यांनी मुलांच्या तपासण्या सुरू केल्या. त्या पाहणीतील अकाली मृतांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. एकही जोखीम घटक नसलेल्यांत हृदयरोहिण्यांच्या आतील पृष्ठभागाचा १.३ टक्के भाग मेदरेषांनी (भिंतीत साचू लागलेल्या मेदाच्या पट्ट्यांनी) व्यापलेला होता. तीन-चार घटक असलेल्यांत ११ टक्के.

जोखमीचा उगम गर्भात की बालपणी, हा वाद अद्याप मिटलेला नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांनी कमी जन्मवजनाचा संबंध पुढील हृदयविकाराशी जोडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली (१९९९). तपासणीवेळचे वजन हिशेबात घेतल्यावर, जन्मवजन जितके कमी तितका वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब व इन्शुलिन-प्रतिरोध अधिक दिसला. सर्वांत प्रतिकूल चित्र होते ते जन्मतः लहान, पण आठव्या वर्षी अंगात चरबी जास्त असलेल्या मुलांचे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. वजन सरासरी २.७ विरुद्ध ३.५ किलो असले, तरी फऱ्याखालच्या (खांद्याच्या मागील हाडाखालच्या) त्वचेच्या घडीत, म्हणजे तेथील चरबीत, फरक त्यामानाने बराच कमी होता. आक्षेप असा, की मोठ्या पाहण्यांत जन्मवजन व रक्तदाब यांचे नाते क्षीण होते, आणि तपासणीवेळचे वजन हिशेबात घेतल्याने ते फुगून दिसते (२००२). पुण्याची आकडेवारी पाहता, गर्भातील तूट आणि नंतरची झपाट्याने वाढ या दोहोंना एकत्र धरणारे मत अधिक पटते.

मोजणीत चूक सहज होते. रक्तदाबयंत्राच्या पट्ट्यातील फुगा दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के रुंद हवा; लहान पट्टा रक्तदाब खोटा वाढवून दाखवतो. तेरा वर्षांखाली वय, लिंग व उंचीनुसार शतमके (शंभर समान मुलांत त्या मुलाचे स्थान) पाहतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या २०१५ च्या तक्त्यांत अतिवजन व स्थूलता प्रौढांच्या २३ व २७ बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) जुळवून ठरविली आहे.

सर्वच मुलांचे कोलेस्टेरॉल तपासावे का, यावर एकमत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये ९ ते ११ वयात सरसकट तपासणीची शिफारस झाली, तर तेथीलच प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ व २०२३ मध्ये पुरावा अपुरा ठरविला. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल मात्र साधारण २५० त एकास आढळते. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असल्यास तपासणी करणे सर्वमान्य आहे.