तख्त-ए-सुलेमान येथील टाइल्स

वायव्य इराणमधील तख्त-ए-सुलेमान येथे आबाका खान (कारकीर्द १२६५–८२) या इलखानी, म्हणजे इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्यातील शासकाने बांधलेल्या उन्हाळी राजवाड्याच्या भिंतींवरील झिलईदार, नक्षीदार टाइल्स. त्या १२७० च्या दशकातल्या आहेत. इस्लामी जगातील टाइलकाम म्हणजे निव्वळ भूमिती आणि सुलेखन, हा समज या भिंतींपुढे टिकत नाही.

राजवाड्याची जागा मुद्दाम निवडलेली दिसते. झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या तळ्याकाठी इथे इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजांचे मोठे अग्निमंदिर होते. परक्या मंगोलांना इराणच्या जुन्या राजपरंपरेशी नाते सांगायचे होते. म्हणून काही टाइल्सवर शाहनामा या इराणी राजांच्या महाकाव्यातील ओळी आहेत. त्यांच्याच जोडीला थेट चीनहून आलेले ड्रॅगन, फिनिक्स आणि कमळे आहेत. आबाका हा चीनचा मंगोल सम्राट कुब्लाई खान याचा पुतण्या. चिनी रेशीम, जरीची वस्त्रे आणि भांडी दोन्ही दरबारांत पोहोचत होती; नक्षीचे नमुने बहुधा त्यांच्यावरूनच उचलले गेले.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात याच घडणीची एक टाइल आहे. साच्यातून उठावात काढलेला पक्षी, मागे लहरत जाणारी शेपटीची लांब पिसे, भोवती वेटोळ्यांचे ढग. चिनी डोळ्यांना हा फिनिक्स, सम्राज्ञीचे चिन्ह. शाहनामा कानावर असलेल्या इराण्याला मात्र तो त्यातल्या जाल या वीराला वाढवणारा सीमुर्ग हा अद्भुत पक्षी वाटला असणार. ड्रॅगनचे याहून नवल. इराणी कथांत त्याला वीर ठार मारतात, चीनमध्ये तो सम्राटाचे प्रतीक. इथे तो राजाच्या भिंतीवर मानाने बसला.

तंत्रातही अशीच देवघेव आहे. चिनी पोर्सेलिनसारखी माती इराणात नव्हती. त्यामुळे कुंभारांनी पांढराशुभ्र कृत्रिम लगदा वापरला: दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती. इराणमधील काशानच्या कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये हे प्रमाण लिहून ठेवले. सोनेरी झळाळी देणारे लस्टर तंत्र त्याहून जुने, ९व्या शतकातील इराकचे. त्यात भाजून झिलई चढवलेल्या टाइलवर चांदी-तांब्याच्या संयुगांनी चित्र काढतात आणि प्राणवायू कमी असलेल्या धुरकट भट्टीत ती पुन्हा भाजतात. लाजवर्दीना प्रकारात गडद निळ्या किंवा फिरोजी झिलईवर लाल-पांढरे रंग आणि सोन्याचा वर्ख येतो. उत्खननात राजवाड्याच्या आवारातच टाइल्स घडवण्याच्या जागेचे अवशेष मिळाले आहेत.

हा प्रभाव एकाच दिशेने वाहिला असे मानणे चूक ठरेल. १४व्या शतकात चीनमधील जिंगदेझेनच्या कारागिरांनी पोर्सेलिनवर निळे रंगकाम करताना पश्चिम आशियातून आलेले कोबाल्ट वापरले. ती निळी-पांढरी भांडी पुढे पश्चिमेला परतली आणि त्यांची नक्कल टाइल्सवर होऊ लागली; तुर्कस्तानातील एदिर्ने येथील मुरादिये मशिदीच्या षट्कोनी टाइल्स (१४३० चे दशक) हे त्याचे देखणे उदाहरण.

इराणी टाइलकाम दख्खनमध्येही आले. इराणच्या गिलानहून आलेला बहामनी वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये बीदरला बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भागावर त्याचे अवशेष आजही दिसतात.