न्यू जर्सीत तळ्याकाठी घर घेताय? आधी धरणाचा वर्ग विचारा

तळ्याकाठचं घर बघायला गेलं की एजंट बोटीचा धक्का दाखवतो, पोहण्याची जागा दाखवतो. धरणाकडे कुणी नेत नाही. न्यू जर्सीत, विशेषतः मॉरिस आणि ससेक्स काउंटीत, अशी पुष्कळ तळी ओढ्याला बांध घालून केलेली आहेत. बांध बहुतेकदा तळ्याच्या असोसिएशनच्या मालकीचा असतो. म्हणजे तपासणी आणि दुरुस्तीचा खर्च सभासदांच्या खिशातून.

नियम कोणाला लागू? ओढ्याचं पाणी नेहमीच्या किमान पातळीपेक्षा 5 फुटांहून जास्त चढवणारा बांध हा कायद्याने धरण ठरतो, मग तो खासगी असो वा सरकारी. काम बघतो राज्याच्या पर्यावरण खात्याचा धरण सुरक्षा विभाग.

धरणांचे वर्ग चार. फुटल्यास माणसं दगावण्याची किंवा मालमत्तेची अतोनात हानी होण्याची शक्यता असेल तर पहिला वर्ग. मालमत्तेचं बरंच नुकसान, पण जीवितहानी अपेक्षित नसेल तर दुसरा. धरणाखेरीज फारसं काही जाणार नसेल तर तिसरा. चौथा वर्ग अशाच, पण छोट्या बांधांचा: उंची आणि साठा अनुक्रमे 15 फूट आणि 15 एकर-फुटांपेक्षा कमी (एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभं राहील इतकं पाणी), पाणलोट 150 एकरांपर्यंत. या तिन्ही अटी एकदमच पाळल्या गेल्या पाहिजेत.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. वर्ग धरणाची तब्येत सांगत नाही, खाली कोण राहतं ते सांगतो. पहिल्या वर्गाचं धरण ठणठणीत असू शकतं आणि तिसऱ्या वर्गाचं खिळखिळं. खाली नवी घरं उठली की बांधाची एक वीटही न हलता वर्ग चढतो, आणि त्याबरोबर सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेच्या, क्षमतेचे निकषही कडक होतात.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण श्रीमंतांच्या मासेमारी क्लबचं होतं. पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाच्या काळात काढले गेले होते, ते क्लबने परत बसवले नाहीत. बग्गी जावी म्हणून माथा खाली घेतला, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी धरण फुटलं. जॉन्सटाउनच्या खोऱ्यात 2,209 माणसं गेली. न्यू जर्सीतही जुलै 2004च्या पावसात बर्लिंग्टन काउंटीत 21 धरणं फुटली.

प्रक्रिया. राज्याचा परवाना असलेला प्रोफेशनल इंजिनियर नेमा. धरण फुटलं तर पाणी कुठवर जाईल याचा हिशेब तो करतो, त्यावरून वर्ग ठरतो. अंतिम निर्णय विभागाचा. नियमित तपासणी पहिल्या-दुसऱ्या वर्गाला दर 2 वर्षांनी, तिसऱ्या-चौथ्याला दर 4 वर्षांनी. पहिल्या वर्गातल्या मोठ्या धरणांना दरवर्षी. मोठ्या दुरुस्तीला विभागाची परवानगी लागते. त्यासाठी तळ्याचं पाणी उतरवायचं असेल तर मत्स्य व वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी.

कागदपत्रं. इंजिनियरचा तपासणी अहवाल, देखभालीची पुस्तिका आणि पहिल्या-दुसऱ्या वर्गासाठी आपत्कालीन कृती आराखडा. आराखड्यात बुडणाऱ्या भागाचा नकाशा आणि फोन नंबरांची यादी असते. यादी दरवर्षी तपासा. पूर येतो त्या रात्री बदललेला नंबर काय कामाचा! दुरुस्तीसाठी राज्याची कर्ज योजना आहे. निधी असेल तेव्हाच अर्ज मागवतात आणि खासगी मालकाला नगरपालिका किंवा काउंटीला सहअर्जदार म्हणून घ्यावं लागतं.

दोन तपासण्यांच्या मधे स्वतः बांधावर फिरा. खालच्या उताराच्या पायथ्याशी कोरड्या दिवसांतही गवत हिरवंगार आणि जमीन दबदबीत लागली, तर तिथे पाझर आहे. ते पाणी काचेच्या बरणीत धरून उजेडात बघा. नितळ असेल तर जागा आणि तारीख लिहून ठेवा, इंजिनियरला दाखवा. गढूळ असेल तर बांधातली माती वाहून जातेय. त्याच दिवशी इंजिनियरला आणि विभागाला फोन करा. ग्राउंडहॉगची (जमिनीत बिळं करणारा खारीच्या कुळातला प्राणी) बिळं आणि बांधावर उगवलेली झाडंही नोंदवा. मोठं झाड मात्र आपल्या मनाने उपटू नका, मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते.

असोसिएशनने अहवाल दाखवायला टाळाटाळ केली, तर राज्याच्या सार्वजनिक माहिती कायद्याखाली पर्यावरण खात्याकडे ऑनलाइन अर्ज करा. घराच्या करारावर सही करण्याआधी.