फेटाधारी इमोजी

फेटाधारी इमोजी : डोक्याला वस्त्र गुंडाळलेल्या व्यक्तीचे, ऑनलाइन गप्पांत वापरले जाणारे चित्रचिन्ह (👳). जपानी मोबाइल कंपन्यांच्या चित्रसंचांतून आलेल्या इतर अनेक चिन्हांबरोबर ते २०१० मध्ये युनिकोडच्या (संगणकावरील अक्षरांना व चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या) ६.० या आवृत्तीत दाखल झाले. मूळ नोंद पुरुषाची होती. २०१५ मध्ये त्वचेच्या पाच छटा आणि २०१६ मध्ये स्त्री व पुरुष असे वेगळे पर्याय आले.

युनिकोड चिन्हाचा क्रमांक आणि नाव ठरवते, चित्र मात्र ज्या त्या कंपनीचे असते. त्यामुळे एका फोनवरून पाठवलेल्या फेट्याचा रंग व घडण दुसऱ्या फोनवर बदललेली दिसते. स्त्रीचे चिन्ह मूळ चिन्हाला अदृश्य जोडचिन्हाने स्त्रीचिन्ह जोडून तयार होत असल्याने जुन्या फोनवर त्याची दोन शकले उमटतात.

या चिन्हाला ठरलेला असा एकच अर्थ नाही; तो सोबतच्या मजकुरावरून आणि पाठवणाऱ्यावरून लावावा लागतो. ग्वाल्हेरमध्ये हे विशेष जाणवते. तिथल्या मराठी कुटुंबांच्या गटात ‘वरात सातला निघेल, फेटे बांधून घ्यायला सहालाच या’ या निरोपापुढे ते आले, तर तो लग्नघरचा थाट असतो. गुढीपाडव्याला किंवा शिवजयंतीला तेच चिन्ह अभिमान दाखवते, आणि कोणी उगाच मोठेपणा मिरवू लागला की ‘या सरदार’ म्हणून चिमटा काढायलाही चालते. याच शहरातील शीख शेजाऱ्याच्या संदेशात मात्र ती दस्तार, म्हणजे शिखांचे श्रद्धेचे शिरोवस्त्र, असते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांच्या बंदिवासाची आणि सुटकेची स्मृती जपणारा दाता बंदीछोड गुरुद्वारा आहे. त्या संदर्भात आलेले चिन्ह श्रद्धेचे असते, सजावटीचे नव्हे. म्हणून अनोळखी माणसाचा धर्म किंवा प्रांत सुचवण्यासाठी, त्यातही थट्टेने, ते वापरणे असभ्यच ठरते.

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याची ओळख असलेली, पुढे टोक काढलेली शिंदेशाही पगडी या चिन्हात बसत नाही. फेटा प्रत्येक वेळी डोक्यावर बांधला जातो, तर पगडी आधीच बांधून पक्की केलेली असते आणि टोपीसारखी चढवली जाते; इमोजीतले गोलसर वेढे फेट्याला किंवा साफ्याला जवळचे आहेत. दसऱ्याला ही पगडी घालून केलेल्या शमीपूजनाची छायाचित्रे गटात फिरतात, तेव्हा खाली हेच चिन्ह टाकून वेळ निभावली जाते. हौशी मंडळी पगडीच्या छायाचित्राचे स्टिकर बनवतात.

डोके झाकलेल्या स्त्रीचे चिन्ह (🧕) याहून वेगळे असून ते २०१७ मध्ये आले. हिजाब घालणाऱ्या स्त्रियांना आपले प्रतिबिंब मिळावे, ही त्यामागची मागणी होती आणि तिचा प्रस्ताव रयूफ अलहुमेधी या सौदी किशोरीने मांडला होता. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर निघणाऱ्या मुलीलाही ‘निघाले’ असे कळवताना ते उपयोगी पडते. डोक्यावरच्या पदरासाठी मात्र ते तितकेसे जुळत नाही.